पाळीव शॅमेलिऑनचे आजार : मूळ बहुधा पिंजऱ्यातच

एखादा माणूस सरड्यासारखा रंग बदलतो असे म्हटले, की मराठीत त्याची पत संपली. शॅमेलिऑनच्या बाबतीत मात्र हा आरोप अन्यायाचा आहे. त्याचा रंग लपण्यापेक्षा सांगण्यासाठी अधिक असतो. राग, भीती, मीलनाची तयारी, थंडी, ऊन या साऱ्यांची नोंद त्याच्या कातडीवर उमटते. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, पँथर शॅमेलिऑनच्या त्वचेतील पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यातील अंतर वाढले की हिरवा रंग पिवळ्या-तांबड्याकडे झुकतो. काळवंडणे हे मात्र मेलॅनिन बाळगणाऱ्या वेगळ्या पेशींचे काम. सकाळी ऊन खाताना शॅमेलिऑन गडद होतो, ते स्वाभाविक आहे. पण अंग तापल्यानंतरही तो दिवसचे दिवस काळपट, मळकट राहिला तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

अडचण अशी, की रंग सोडला तर हा प्राणी आजारपणाचा फारसा पत्ता लागू देत नाही. रानात दुबळा दिसणारा प्राणी प्रथम शिकार होतो. त्यामुळे शॅमेलिऑन शेवटपर्यंत फांदीला धरून, जणू काही झालेच नाही अशा थाटात बसून राहतो. तो फांदीवरून उतरून पिंजऱ्याच्या तळाशी येऊन पडतो, तेव्हा आजार बहुधा काही आठवडे जुना झालेला असतो. ‘काल तर ठीक होता’ हे मालकाचे म्हणणे खोटे नसते. पण ते फार उपयोगाचेही नसते.

जगात शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्या मादागास्करात आढळतात. घरात पाळल्या जाणाऱ्या जाती मात्र मोजक्याच. त्यांत सर्वाधिक प्रचलित तो येमेनी अथवा ‘व्हेल्ड’ शॅमेलिऑन. येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातील पठारे व दऱ्या हे त्याचे मूळ स्थान. डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा, अंगावर हिरवे-पिवळे पट्टे, शेपटीसह अर्ध्या मीटरच्या आसपास लांबीचा नर, असे त्याचे रूप. पाळीव अवस्थेत त्याची पैदास सहज होत असल्याने अमेरिका व युरोपात तो दुकानांतून मिळतो, आणि तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलांच्या वाढदिवसाच्या मागणीपत्रातही तो हल्ली डोकावतो. पाळीव प्राण्यांत तो काटक मानला जातो. पण काटक म्हणजे हलगर्जी सहन करणारा, असा अर्थ अनेक जण घेतात आणि तेथेच घोटाळा होतो. नर नीट सांभाळल्यास सहा ते आठ वर्षे जगतो. मादी त्याहून कमी. पहिल्या वर्षातच दगावणाऱ्या शॅमेलिऑनच्या आजाराचे मूळ शोधू गेल्यास ते बहुधा जंतूंत नसते. ते दिव्यात, पाण्यात, खाद्याच्या भुकटीत, थोडक्यात पिंजऱ्याच्या मांडणीत असते.

हाडे वितळतात तेव्हा

पशुवैद्यांकडे येणाऱ्या शॅमेलिऑनमध्ये सर्वाधिक आढळणारा आजार म्हणजे हाडांचा चयापचयजन्य विकार. याची साखळी समजून घेण्यासारखी आहे. रक्तातील कॅल्शियम एका ठरावीक पातळीखाली गेले तर स्नायू आणि हृदय चालणार नाही. म्हणून ते कमी पडू लागताच पॅराथायरॉइड ग्रंथी जागी होते आणि तिच्या संप्रेरकाच्या हुकमावरून हाडांतले कॅल्शियम रक्तात ओतले जाते. काही दिवसांची नड असेल तर हे कर्ज फिटते. महिनोन्महिने चालले तर हाडे पोकळ, मऊ होतात. पुढचे पाय कोपरात धनुष्यासारखे वाकतात, जबडा रबरासारखा दबतो, बरगड्या मोडून तशाच वेड्यावाकड्या सांधतात, चिमट्यासारख्या पायांची पकड सुटू लागते. शेवटी थरथर आणि झटके.

कॅल्शियम कमी का पडते, याची उत्तरे दोन. पहिले खाद्यात. शॅमेलिऑनला सामान्यतः रातकिडे, झुरळांच्या खास पैदास केलेल्या जाती आणि अळ्या दिल्या जातात. या कीटकांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फारच थोडे असते. वास्तविक खाद्यात कॅल्शियमचे प्रमाण फॉस्फरसच्या दीडपट-दुप्पट हवे. कीटकांत ते नेमके उलटे असते. म्हणून कीटकांना खाऊ घालण्यापूर्वी कॅल्शियमची भुकटी चोळावी लागते. शिवाय त्या कीटकांनाही आदल्या दिवशी पालेभाज्या, गाजर, रताळे असे पोषक अन्न द्यावे लागते. उपाशी रातकिडा म्हणजे नुसते टरफल.

दुसरे उत्तर प्रकाशात आहे, आणि ते अधिक वेळा दुर्लक्षिले जाते. पोटात गेलेले कॅल्शियम शोषून घेण्यासाठी ‘ड-३’ जीवनसत्त्व लागते. ते त्वचेत तयार होण्यासाठी २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचे अतिनील ‘बी’ किरण लागतात. साधा घरगुती दिवा हे किरण देत नाही. खिडकीची काच ते जवळपास पूर्णपणे अडवते. तेव्हा ‘पिंजरा खिडकीशीच ठेवला आहे, भरपूर ऊन येते’ या समजुतीत प्राण्याला उजेड व उष्णता मिळते, किरण मिळत नाहीत. त्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांकरिता बनवलेली नळी लागते. आणि तिचाही प्रकाश डोळ्यांना पूर्वीसारखाच दिसत असताना किरणांचे उत्सर्जन मात्र घटत जाते. म्हणूनच सहा महिने ते वर्षभरात ती बदलण्याची शिफारस केली जाते. मोजण्याचे उपकरण मिळाल्यास उत्तमच. नाहीतर नळी लावल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवावी.

या संदर्भात टेक्सासमधील गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम उद्बोधक आहे. पँथर शॅमेलिऑनवर त्यांनी केलेल्या प्रयोगांतून दिसले, की ज्या प्राण्यांच्या आहारात ‘ड-३’ कमी आहे ते आपणहून अतिनील किरणांत अधिक वेळ बसतात आणि ज्यांना ते पुरेसे मिळते ते बाजूला सरकतात. म्हणजे किती ऊन खायचे हे प्राण्याला कळते. फक्त त्याला ऊन आणि सावली या दोन्हींची निवड करता आली पाहिजे. काचेच्या लहान पेटीत ती निवडच उरत नाही.

याचा अर्थ ‘ड-३’ची भुकटी रोज चोळावी असा नव्हे. हे जीवनसत्त्व शरीरात साठते आणि अती झाल्यास मूत्रपिंडात व रक्तवाहिन्यांत कॅल्शियम जमू लागते. बहुतेक जाणकारांचा प्रघात असा : साधे कॅल्शियम जवळजवळ प्रत्येक खाण्यासोबत, आणि ‘ड-३’ व इतर जीवनसत्त्वे असलेली भुकटी महिन्यातून सुमारे दोनदा, तीही हलक्या हाताने.

सर्वाधिक धोका पिल्लांना असतो. येमेनी शॅमेलिऑन पाच-सहा महिन्यांत वयात येतो. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या सांगाड्याला तूट सोसत नाही. क्ष-किरण चित्रात आजार दिसतो आणि पशुवैद्याने दिलेल्या कॅल्शियमने व योग्य प्रकाशाने तो थांबतोही, परंतु वाकलेली हाडे सरळ होत नाहीत.

जिभेकडे या काळात विशेष लक्ष ठेवावे. फ्लोरिडातील क्रिस्तोफर अँडरसन व स्टीफन डेबान यांनी २०१० मध्ये येमेनी शॅमेलिऑनवरच दाखवून दिले, की १५ अंश सेल्सियसच्या थंडीतही त्याच्या जिभेची फेक फारशी मंदावत नाही, कारण ती आधी ताणून ठेवलेल्या लवचीक ऊतींच्या जोरावर होते. जीभ परत ओढून घेणे मात्र थंडीत बरेच मंदावते. तेव्हा नेम धरूनही जीभ बाहेर पडत नसेल, अर्ध्यावर लोंबत असेल किंवा भक्ष्य चिकटत नसेल, तर ‘गारठा आहे म्हणून’ असे म्हणून सोडून देऊ नये. कॅल्शियमची तूट, ‘अ’ जीवनसत्त्वाची तूट, तोंडातील जंतुसंसर्ग किंवा जिभेला झालेली इजा, यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता दाट.

वाटीतले पाणी दिसत नाही

शॅमेलिऑन झाडावर राहणारा प्राणी. पानावर साचलेले दव आणि पावसाचे थेंब चाटून तो तहान भागवतो. वाटीत भरून ठेवलेले स्थिर पाणी त्याला बहुधा पाणी म्हणून ओळखताच येत नाही. पाण्याने भरलेल्या वाटीशेजारी तहानेने मरणारा शॅमेलिऑन ही काही अतिशयोक्ती नव्हे. दिवसातून निदान दोनदा पानांवर बारीक फवारा, आणि शक्य तर सलाइनच्या नळीसारखी थेंब थेंब पाणी पाडणारी व्यवस्था, एवढे हवेच.

पाणी कमी पडते आहे की नाही, हे विष्ठेवरून कळते. तिच्यासोबत पडणारा खडूसारखा भाग म्हणजे युरिक आम्ल. तो पांढरा असावा. थोडा पिवळसर चालेल. गडद पिवळा-नारिंगी झाला की शरीर सुकते आहे. पुढे डोळ्यांचे बुरूज आत ओढले जातात. तूट दीर्घकाळ चालली तर मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात आणि युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यांत साठून गाऊट होतो. सुजलेल्या, दुखऱ्या बोटांनी फांदी धरवत नाही. उंदराची पिल्ले यासारखे अतिप्रथिनयुक्त खाद्य हेही त्याला कारण ठरते. हा विकार एकदा रुजला, की औषधांनी त्रास कमी होतो, रोग जात नाही. वातानुकूलित खोलीत ठेवलेल्या पिंजऱ्याकडे या दृष्टीने अधिक पाहिले पाहिजे, कारण तेथील हवा कोरडी असते.

डोळे

दिवसा डोळे मिटून बसलेला शॅमेलिऑन ‘डुलकी घेतो आहे’ असे समजणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग पडणारी चूक. हा प्राणी दिवसा झोपत नाही. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरवत सतत टेहळणी करणे हा त्याचा स्थायीभाव आहे. एकच डोळा मिटला असेल तर कचरा, कातीचा तुकडा किंवा इजा असू शकते. दोन्ही मिटले असतील तर आजार अंगभर आहे. डोळ्याचा बुरूज सुजणे, कात नीट न सुटणे, जिभेचा चिकटपणा जाणे ही एकत्र दिसल्यास ‘अ’ जीवनसत्त्वाची तूट संभवते. गाजरातल्या केरोटिनपासून हे जीवनसत्त्व बनवण्याची कीटकभक्षी सरड्यांची क्षमता बेताचीच असल्याचे मानले जाते, त्यामुळे ते तयार रूपात लागते. मात्र मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी. याचा अतिरेकही विषारी आहे आणि तो ‘ड-३’च्या कामात अडथळा आणतो.

मादीचा प्रश्न

येमेनी शॅमेलिऑनची मादी विकत घेणाऱ्याला क्वचितच सांगितले जाते, की नराचा सहवास नसला तरी ती अंडी घालते. कोंबडीसारखेच हे. एका खेपेस वीस ते सत्तर, कधी त्याहून अधिक. एवढ्या कवचांसाठी लागणारे कॅल्शियम तिच्याच हाडांतून निघते. अंडी घालण्यासाठी तिला ओलसर, बोगदा खणला तरी न ढासळणारी वाळू किंवा माती हवी, निदान एक फूट खोल. शिवाय एकांत हवा. कोणी पाहात असल्याचे जाणवले तर ती खणणे सोडून देते आणि अंडी पोटातच धरून ठेवते.

अंडी अडणे हे पाळीव मादीच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. पोट भरून आलेले, खाणे बंद, पिंजऱ्यात अस्वस्थ येरझारा, कोपरे उकरणे, ही वेळ जवळ आल्याची लक्षणे. येथपर्यंत चिंता नाही. पण येरझारा थांबून ती तळाशी मलूल पडली, डोळे मिटू लागली, की तास मोजायचे, दिवस नव्हेत. पशुवैद्य कॅल्शियम व द्रव देऊन पाहतात. त्याने न साधल्यास शस्त्रक्रिया करून अंडी व अंडाशय काढतात. वेळेत झाली तर मादी पुढे चांगली जगते.

हे टाळण्याचा एक उपाय ऐकायला निष्ठुर वाटतो, पण तो उपयोगी आहे. पिल्लूपण संपले की मादीला पोटभर खाऊ घालणे थांबवावे. एक दिवसाआड तीन-चार कीटक आणि ऊन खाण्याच्या जागी नराच्या मानाने थोडे कमी, २६-२७ अंशांच्या आसपासचे तापमान ठेवल्यास अंड्यांची संख्या लक्षणीयरीत्या घटते. रानात बारमाही सुगी नसते. पिंजऱ्यात आपण ती निर्माण करतो आणि मादीचे शरीर तिला प्रतिसाद देते.

श्वास, भाजणे आणि किडे

चहूबाजूंनी बंद काचेची पेटी, सतत ओल आणि रात्री गारठा ही श्वसनमार्गाच्या संसर्गाची हमखास कृती. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यातील दमट, कोंदट हवेला जाळीचा पिंजराही पुरा पडत नाही; दोन फवाऱ्यांमध्ये पाने सुकली पाहिजेत. डोके वर करून तोंड उघडे ठेवणे, श्वासाला शिटीसारखा आवाज, तोंडाशी बुडबुडे ही लक्षणे. उन्हात बसून तोंड उघडणे निराळे, ते तापलेले अंग निवविण्यासाठी असते. सावलीत, सकाळच्या थंड वेळी तोंड उघडे असेल तर ते आजाराचे. सरड्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते, त्यामुळे खोकून कफ बाहेर टाकणे त्यांना जमत नाही, आणि साधी सर्दी फुप्फुसात उतरते. प्रतिजैविक कोणते, हे स्रावाची तपासणी करून ठरवणे इष्ट. जेंटामायसिनच्या गटातील औषधे सुकलेल्या शॅमेलिऑनची मूत्रपिंडे घालवू शकतात, म्हणून घरातले उरलेले औषध देण्याचा मोह टाळावा.

भाजण्याच्या जखमा मात्र निव्वळ निष्काळजीपणाच्या. दिवा जाळीला टेकलेला असतो, प्राणी जाळीला उलटा लटकतो, आणि तुऱ्याचे किंवा पाठीच्या कण्याचे टोक भाजून काळे पडते. नराला ऊन खाण्याच्या जागी २९ ते ३२ अंश पुरतात. ते हाताने नव्हे, तापमापकाने पाहावे.

रानातून पकडलेल्या प्राण्यांत परोपजीवी जवळजवळ ठरलेलेच. मादागास्करहून आलेल्या पँथर शॅमेलिऑनच्या कातडीखाली फोलियेला नावाचे दोऱ्यासारखे कृमी वळवळताना उघड्या डोळ्यांनी दिसतात. पिंजऱ्यात जन्मलेल्यांत कॉक्सिडिया हे आतड्यातील सूक्ष्म जीव अधिक. त्यांपैकी येमेनी शॅमेलिऑनमधील एका जातीचे वर्णन १९९५ मध्ये चेक संशोधकांनी केले आणि तिला ‘आयसोस्पोरा जारासिमरमानी’ असे नाव दिले. यारा सिमरमान हा चेक नाटकांतील सर्वज्ञ पण पूर्णतः काल्पनिक महापुरुष! जिवाला घोर लावणाऱ्या जंतूला विनोदी पात्राचे नाव, असा हा योग. वर्षातून एकदा-दोनदा ताज्या विष्ठेची तपासणी केल्यास हे पाहुणे लवकर सापडतात. विष्ठा हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत; सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला असतोच असे धरून चालावे. लहान मुलांबाबत हे अधिक कटाक्षाने पाळावे.

पशुवैद्याकडे नेताना पिंजऱ्याची छायाचित्रे, दिव्याचा प्रकार व तारीख, भुकट्यांचे डबे आणि आठवड्याच्या वजनांची नोंद सोबत असावी. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा यासाठी पुरतो. वजनातील उतार इतर कोणत्याही लक्षणाआधी दिसतो. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य आपल्या शहरांत मोजकेच आहेत. तेव्हा प्राणी आणल्यानंतर नव्हे, आणण्यापूर्वी असा पशुवैद्य गाठावा. आणि शॅमेलिऑन हा खेळवण्याचा प्राणी नव्हे, हेही घरातील मुलांना आधीच सांगावे. हातात घेतल्याने त्याला माया वाटत नाही, भीती वाटते.

कायदा काय सांगतो

येमेनी व पँथर शॅमेलिऑन हे दोन्ही ‘साइटस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने या करारातील प्राण्यांना कायद्याच्या कक्षेत आणले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये असे प्राणी बाळगणाऱ्यांसाठी नोंदणीचे नियम निघाले. कागदपत्रांवाचून मिळणारा ‘स्वस्त’ शॅमेलिऑन म्हणजे आजारासोबत खटलाही विकत घेणे होय. नकोसा झाला म्हणून तो बागेत सोडणे हाही मार्ग नव्हे. फ्लोरिडात अशाच रीतीने बाहेर पडलेल्या येमेनी शॅमेलिऑनची वस्ती होऊन बसली आहे.

आपल्याकडचा शॅमेलिऑन म्हणजे सरडगुहिरा. महाराष्ट्रातील झुडपी व पानगळीच्या रानांत तो आढळतो आणि १९७२ च्या कायद्यान्वये संरक्षित आहे; तो पकडणे, पाळणे वा विकणे गुन्हा ठरतो. तो विषारी नाही, चावला तरी अपाय होत नाही. रस्ता ओलांडताना वाहनाखाली सापडलेला किंवा मांजराने ओरबाडलेला सरडगुहिरा मिळाल्यास त्याला हवेशीर खोक्यात, एखादी फांदी घालून, सावलीत ठेवावे. तोंडात पाणी ओतू नये, अन्न भरवू नये आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.